पाचशे त्रेसष्ट नगर जिल्ह्यांचं आभाळ

नगर जिल्हा केवढा? महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा. नाव आता अहिल्यानगर झालं, क्षेत्रफळ तेच राहिलं: १७,०४८ चौरस किलोमीटर. अकोल्याच्या डोंगरात, म्हणजे आपल्या अकोले तालुक्यात, धो धो पाऊस कोसळत असतो तेव्हा जामखेडला धूळ उडत असते. एसटीनं या टोकावरून त्या टोकाला जायचं म्हटलं तर दिवस मोडतो.

आता हा अख्खा जिल्हा उचला आणि त्याच्या शेजारी असाच दुसरा मांडा. मग तिसरा, चौथा, पाचवा. १८ मांडले की महाराष्ट्र भरला. १९३ मांडले की काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत भारत भरला. पण हात थांबवू नका, अजून निम्मेसुद्धा झालेले नाहीत! आता समुद्रावर मांडायला घ्या. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, खाली हिंदी महासागर. २००, ३००, ४००, ५००... आणि ५६३ व्या जिल्ह्यावर थांबा. एवढं आभाळ आज भारताचे एअर ट्रॅफिक कंट्रोलर सांभाळतात. सरकारी हिशेबात ते २८ लाख चौरस नॉटिकल मैल आहे. आपल्या मापात सुमारे ९६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जमिनीच्या जवळजवळ तिप्पट. त्यातलं साठ टक्क्यांहून जास्त आभाळ समुद्रावर आहे. मुंबईच्या नियंत्रण विभागाची हद्द तर इतकी लांब जाते, की तिला जाऊन भिडणारा शेजारचा विभाग सोमालियातल्या मोगादिशूच्या नावाचा आहे!

शेतकऱ्याच्या हिशेबात बोलायचं? ९६ लाख चौरस किलोमीटर म्हणजे २३७ कोटी एकर. देशाच्या १४० कोटी माणसांत वाटणी करा. तुमच्या वाट्याला आलं १ एकर २८ गुंठे आभाळ. माझ्या वाट्याला तेवढंच, आणि काल जन्मलेल्या बाळाच्या वाट्यालाही तेवढंच.

हे झालं नुसतं क्षेत्रफळ. आता वर बघू.

आपला कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, १,६४६ मीटर. चढताना छाती भरून येते, शिड्यांवर पाय लटपटतात. ३५,००० फुटांवरून जाणारं विमान म्हणजे एकावर एक रचलेले साडेसहा कळसूबाई! तर आपल्या आभाळाची उंची सोयीसाठी १२ किलोमीटर धरू आणि त्याचं घनफळ काढू. मापाला आपली विहीर घेऊ. ३० फूट व्यासाची, ५० फूट खोल, चांगली बांधीव विहीर. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे १० लाख लिटर मावतात. एक घन किलोमीटर हवेत अशा किती विहिरी बसतील? दहा लाख. आणि आपल्या आभाळात घन किलोमीटर किती? साडेअकरा कोटी. गुणाकार करा. लाख पुरत नाहीत, कोटी पुरत नाहीत, अब्ज मागे पडतं, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, सगळे मागे पडतात, आणि जलधीवर येऊन आकडा टेकतो. एकावर चौदा शून्यं. एक जलधीहून जास्त विहिरी! तुमच्या १ एकर २८ गुंठ्यांवर उभ्या असलेल्या हवेतच ८२ हजार विहिरी आहेत.

एवढ्या मोठ्या जागेत विमानं एकमेकांना सापडणार तरी कशी, असं वाटेल. वेग बघितला की ते वाटणं विरून जातं.

जेट विमान ताशी ९०० किलोमीटरनं जातं. मिनिटाला १५ किलोमीटर. सेकंदाला २५० मीटर. शिर्डी विमानतळाची धावपट्टी २,५०० मीटर लांब आहे. वरून जाणारं जेट ती अख्खी धावपट्टी १० सेकंदांत मागे टाकतं. नगर ते शिर्डी साधारण सहा मिनिटांत. मुंबई ते पुणे, घाट, बोगदे, खोपोलीची रांग, लोणावळ्याची चिक्की, सगळं धरून १५० किलोमीटर, बरोब्बर १० मिनिटांत! आणि समोरासमोर येणारी दोन विमानं? त्यांच्यातलं अंतर सेकंदाला अर्ध्या किलोमीटरनं घटतं. दोघं मुंबईहून आणि पुण्याहून एकाच वेळी पूर्ण वेगात सुटली, तर पाचव्या मिनिटाला भेटतील.

आता नियम ऐका. रडारवर दिसणाऱ्या, एकाच उंचीवरच्या दोन विमानांत मार्गावर साधारणपणे ५ नॉटिकल मैल अंतर राखायचं. म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. जमिनीवर सव्वानऊ किलोमीटर केवढे वाटतात! समोरासमोरच्या दोन जेटना ते संपवायला १८ सेकंद लागतात. शांतपणे तीन श्वास घेतले की संपलं. रडार पोहोचत नाही अशा समुद्रावर हेच अंतर ५० नॉटिकल मैलांवर जातं, नगर-शिर्डीपेक्षाही थोडं जास्त. आणि वर-खाली? १,००० फूट. ३०५ मीटर. कळसूबाईच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी.

कंट्रोलरच्या पडद्यावर हे सगळं कसं दिसतं? एक बारीक ठिपका, आणि त्याला दोरीनं बांधल्यासारखी एक छोटी चिठ्ठी. वरच्या ओळीत विमानाची खूण. खाली ३५०, म्हणजे ३५,००० फूट. त्याच्या शेजारी वेग. एका ठिपक्यात दीड-दोनशे माणसं, त्यांच्या बॅगा, त्यांची बाळं. कंट्रोलर आकडा सांगतो, पायलट तोच आकडा जसाच्या तसा परत म्हणतो, कंट्रोलर कान देऊन ऐकतो. चुकला तर पुन्हा म्हणायला लावतो. एका पडद्यावर असे अनेक ठिपके, आणि प्रत्येकाच्या मागे सेकंदाला २५० मीटर!

या १,००० फुटांची किंमत आपण मोजलेली आहे. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. कझाकस्तानच्या विमानाला १५,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, सौदी अरेबियाच्या जम्बोला १४,००० वर. वरचं विमान ठरलेल्या उंचीच्या खाली उतरलं. ३४९ माणसं गेली, दोन्ही विमानांतलं कोणीच वाचलं नाही. कळसूबाईच्या पाचव्या हिश्शाएवढी उंची सुटली आणि ३४९ घरं उजाड झाली. त्यानंतर दिल्लीभोवती येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, विमानाची उंची थेट पडद्यावर दाखवणारी रडारं आली, विमानांत टक्कर टाळणारी यंत्रं सक्तीची झाली.

आता गर्दी मोजू. १७ नोव्हेंबर २०२४. त्या एका दिवसात देशांतर्गत विमानांतून ५,०५,४१२ प्रवासी उडाले. एका दिवसात पाच लाख, हे देशात पहिल्यांदाच घडलं. ही माणसं रेल्वेत बसवू. ७२ बर्थचा डबा, २२ डब्यांची गाडी. किती गाड्या लागतील? ३२०! आणि त्या एकामागे एक जोडल्या तर शेपटी केवढी? सुमारे १६० किलोमीटर. इंजिन पुण्यात पोहोचलं तरी शेवटचा डबा मुंबईतून हललेला नसेल. अख्खा मुंबई-पुणे रस्ता भरेल एवढी आगगाडी त्या दिवशी भारताच्या आभाळात होती, ३,१७३ उड्डाणांत वाटलेली. दर २७ सेकंदांना एक उड्डाण. यात परदेशी जाणारी-येणारी विमानं नाहीत, भारतावरून नुसती पार होणारी नाहीत आणि मालवाहू विमानंही नाहीत.

एकट्या मुंबईचं बघा. दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. त्या एका पट्टीवर ११ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीत, २४ तासांत १,०३२ विमानं चढली-उतरली. दर ८४ सेकंदांना एक! लोकलसुद्धा एका रुळावर इतक्या लागोपाठ धावत नाही.

आता खरा प्रश्न. एवढा अवाढव्य कारभार कोणाच्या हातात आहे, आणि तो कोणाच्या हातात असावा?

उत्तर शोधायला दिल्लीला जायची गरज नाही, कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात या. शिर्डीचा विमानतळ इथे आहे. १ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. धावपट्टी, टर्मिनल, कुंपण, सगळं महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचं, म्हणजे २००२ साली स्थापन झालेल्या राज्य सरकारच्या कंपनीचं. पण खाली उतरणाऱ्या विमानाशी मनोऱ्यातून बोलणारा आवाज भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा. जमीन एका सरकारी संस्थेची, आभाळ दुसऱ्या सरकारी संस्थेचं! २,५०० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद धावपट्टी म्हणजे जेमतेम २८ एकर. देशाच्या आभाळात अशा साडेआठ कोटी धावपट्ट्या मावतात. मालमत्ता म्हणून कोणती बाजू मोठी, हे वेगळं सांगायला नको.

प्राधिकरण १ एप्रिल १९९५ ला जन्मलं, दोन जुन्या संस्था एकत्र करून. तेव्हापासून एकाच घरात दोन संसार आहेत. एक संसार विमानतळ बांधण्याचा आणि चालवण्याचा, दुसरा आभाळ राखण्याचा. २००६ साली मुंबई आणि दिल्लीचे विमानतळ खासगी भागीदारीत गेले, तरी आभाळ राखण्याचं काम प्राधिकरणाकडेच राहिलं. म्हणजे हे दोन संसार वेगळे करता येतात, हे आपण करून दाखवलं आहे. राहिली ती वाटणी पूर्ण करायची. सरकारनं नेमलेल्या नरेश चंद्र समितीनं २००३ मध्येच सुचवलं होतं की हवाई वाहतूक नियंत्रणाचं काम प्राधिकरणातून वेगळं काढून त्याची सरकारी मालकीची स्वतंत्र संस्था करावी. विषय दिल्लीत पुन्हा पुन्हा उठला, पुन्हा पुन्हा बसला.

महामंडळ कसं चालतं, हे नगरकरांना शिकवायला नको. राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली ती पुणे-नगर रस्त्यावर. सरकारनं बस सुरू केली, पुढे तिचं महामंडळ झालं, मालकी जनतेची राहिली, आणि गावागावाच्या फाट्यावर लाल गाडी थांबू लागली. तेच आभाळात करायचं आहे.

आणि जगानं ते करून दाखवलं आहे. १९८७ साली न्यूझीलंडनं हे काम सरकारी मालकीच्या कंपनीकडे दिलं, जगात सर्वांत आधी. जर्मनीनं १९९३ मध्ये, शंभर टक्के सरकारी मालकीची कंपनी काढून. ऑस्ट्रेलियानं १९९५ मध्ये. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सरकारनं १९९४ मध्ये असंच सरकारी महामंडळ सुचवलं होतं. संसदेत ते पुढे सरकलं नाही.

न्यूझीलंडचा आकडा नीट ऐका. देशाची लोकसंख्या आज ५० लाखांच्या थोडी वर. आपल्या नगर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ४५ लाख. म्हणजे माणसांच्या हिशेबात जवळजवळ एक नगर जिल्हाच! आणि त्यांची ती सरकारी कंपनी किती आभाळ सांभाळते? ३ कोटी चौरस किलोमीटर. भारताच्या तिप्पट. नगरएवढी माणसं, आणि १,७६० नगर जिल्ह्यांएवढं आभाळ! मग १४० कोटींच्या देशाला ५६३ जिल्ह्यांसाठी स्वतंत्र महामंडळ का जमू नये?

जमेल. आणि फायदा कशात आहे, तेही मोजू.

प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून 'गगन' उभारलं. उपग्रहाच्या मदतीनं विमानाला त्याची जागा अचूक सांगणारी ही यंत्रणा आहे. जमिनीवर १५ संदर्भ केंद्रं, वर ३६,००० किलोमीटरवर उपग्रह. ३६,००० किलोमीटर म्हणजे मुंबई-पुणे २४० वेळा. संदेश वर जाऊन खाली येतो तेव्हा त्याच्या २४० फेऱ्या होतात, जाऊन-येऊन, आणि त्या सगळ्या पाव सेकंदात! अख्ख्या देशाच्या आभाळासाठीच्या या यंत्रणेला खर्च आला ७७४ कोटी रुपये. डोक्यामागे साडेपाच रुपये, टपरीवर कटिंग चहाही येत नाही. आता शेजारी दुसरा आकडा ठेवा. शिर्डी विमानतळाच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. खर्च ६४५ कोटींहून जास्त. दोन्हींत दहा-बारा वर्षांचं अंतर आहे, रुपया उतरला आहे, हे धरूनच चला. तरीही एका तालुक्यातली एक इमारत आणि पूर्ण देशाचं 'गगन' एकाच पंक्तीत बसतात! टर्मिनल हवंच, साईभक्तांसाठी ते हवं आहे. पण टर्मिनल डोळ्यांना दिसतं, फीत कापता येते, म्हणून त्याला पैसा सापडतो. आभाळातलं काम कुणाला दिसत नाही. म्हणून त्याची तिजोरी वेगळी पाहिजे. विमान कंपन्या मार्गाच्या वापरासाठी जे शुल्क भरतात, ते आभाळासाठीच खर्च झालं पाहिजे: रडारवर, उपग्रहांवर आणि त्या पडद्यासमोर बसणाऱ्या माणसांवर.

मार्ग सरळ झाला तर काय वाचतं? ए-३२० जातीचं विमान मिनिटाला साधारण ५० लिटर इंधन जाळतं. ३,१७३ उड्डाणांचं प्रत्येकी एकच मिनिट वाचवा, सगळी विमानं त्याच जातीची धरून. रोज १ लाख ५८ हजार लिटर! दुष्काळात आपल्या वाड्यावस्त्यांवर येतो तो १२,००० लिटरचा टँकर घ्या: रोज १३ टँकर. सहा-सात दिवसांत आपली ती दहा लाख लिटरची विहीर काठोकाठ. वर्षाला ५८ विहिरी विमानाचं इंधन, एका मिनिटाच्या बचतीवर!

मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं की भारतीय आभाळापैकी फक्त ६० टक्के मोकळेपणानं वापरता येतं, आणि निर्बंध सैल केले तर विमान वाहतूक क्षेत्राचा वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपये फायदा होईल. १,००० कोटी मोजायला अवघड जातात? दिवसाला पावणेतीन कोटी. मिनिटाला १९ हजार. सेकंदाला ३१७ रुपये. एवढं वाचेपर्यंत दोन हजार रुपये झाले. सैन्यदलांशी रोज बोलून, तासातासाचं आभाळ मागून घेऊन ते परत देणं, हे पूर्ण वेळेचं काम आहे, आणि ते पूर्ण वेळ करणारी संस्था पाहिजे.

मालकी मात्र सरकारची, म्हणजे आपलीच हवी. आभाळात दोन कंपन्यांची स्पर्धा लावता येत नाही. ५६३ जिल्ह्यांना राखणदार एकच असतो. सुरक्षेची तपासणी करणारं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय वेगळंच राहिलं पाहिजे, कारण गाडी हाकणाऱ्यानं स्वतःलाच परवाना द्यायचा नसतो. आणि शिर्डीसारख्या लहान मनोऱ्याचा खर्च भरून निघत नाही म्हणून तिथला आवाज बंद करता येणार नाही, हे कायद्यातच लिहिलं पाहिजे. एसटीनं तोट्यातला फाटा सोडला नाही, तसंच.

आता शेवटचा आकडा. पूर्वी २९,००० फुटांच्या वर दोन विमानांत २,००० फूट ठेवावे लागत. २९,००० ते ४१,००० पर्यंत विमानांना मजले मिळत सात. उंची मोजणारी यंत्रं अचूक झाली, कंट्रोलर नव्यानं शिकले, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये भारतानं ते अंतर १,००० फुटांवर आणलं. सात मजल्यांचे तेरा झाले. सहा नवे मजले, प्रत्येक मजला ५६३ नगर जिल्ह्यांचा! गुणा: ३,३७८ जिल्हे. ५ कोटी ७६ लाख चौरस किलोमीटर. चीन, रशियाचा सायबेरिया, अरबस्तान, भारत, सगळं मिळून अख्खा आशिया खंड साडेचार कोटींचा. म्हणजे एक नियम बदलला आणि आशियाहून मोठा नवा प्रदेश आपल्या डोक्यावर वाहतुकीला खुला झाला. एक गुंठा जमीन संपादित झाली नाही, एक घर उठलं नाही.

जमीन वाढत नाही, हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आभाळ वाढतं! हुशार माणसं, चांगली यंत्रं आणि वेळेवर घेतलेला निर्णय एवढ्यानं ते एका खंडाएवढं वाढलं, आणि तेही दुसऱ्याच्या घरात एका खोलीत राहून. स्वतःचं महामंडळ, स्वतःची तिजोरी आणि स्वतःचा निर्णय मिळाला, तर हीच माणसं पुढचा खंड शोधून काढतील. १४० कोटी मालकांनी आपापल्या १ एकर २८ गुंठ्यांसाठी ते मागून घ्यावं.